मक्याचा कीस : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

क्रीममधली भाजी म्हटलं की बहुतेकांना व्हाइट सॉस आठवतो. लोण्यात मैदा परता, दूध ओता, गुठळ्या मोडा, नाहीच मोडल्या तर गाळून घ्या. नवशिक्यानं तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुधात शिजलेली मऊ, दाटसर भाजी करायला शिकायचं असेल तर आधी मक्याचा कीस करा. त्यात दाटपणासाठी वेगळं काही घालावं लागत नाही. किसलेल्या मक्यातच एवढा स्टार्च असतो की दूध पडलं की त्याचाच सॉस होतो. आपण कणीस बघून आणायचं, कीस धीरानं परतायचा आणि लिंबू पिळायची घाई करायची नाही.

हा पदार्थ माळव्यातला, मुख्यतः इंदूरचा. तिथे त्याला ‘भुट्टे का कीस’ म्हणतात. सराफा बाजारात रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, तिथे तो मोठ्या कढईतून गरम मिळतो. होळकरांच्या काळापासून इंदुरात राहणाऱ्या मराठी घरांतही तो मुरलेला आहे. महाराष्ट्रात हाच पदार्थ थोड्याफार फरकानं ‘मक्याचा उपमा’ या नावानं ओळखीचा आहे. गाडीवर मिळतो तो मोकळा आणि तिखट असतो, वर शेव भुरभुरून नुसताच खायचा. इथे सांगतोय तो घरचा, पोळीबरोबर ताटात वाढता येईल असा, जरा ओलसर.

काय काय लागेल

चार माणसांना तोंडीलावणं म्हणून पुरेल असं प्रमाण देतो. वाटी म्हणजे आमटीची नेहमीची, साधारण १५० मिलीची.

- मध्यम आकाराची कोवळी कणसं ४ (किसून साधारण २ वाट्या कीस)
- दूध १ वाटी, वर अर्धी वाटी हाताशी ठेवलेलं
- साजूक तूप ३ मोठे चमचे
- मोहरी अर्धा लहान चमचा, जिरं अर्धा लहान चमचा
- हिंग पाव लहान चमचा
- हळद चिमूटभर
- हिरव्या मिरच्या २ ते ३, बारीक चिरून
- आलं अर्धा इंच, किसून
- मीठ, साखर
- लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं

तूप बघून दचकू नका. कमी तुपात कीस कढईला धरतो, मग तो खरवडण्यात सगळा वेळ जातो. पहिल्या वेळी तीन चमचे घालाच. हात बसला की दोनवर या.

दूध गाईचं असो की म्हशीचं, ताजं हवं. म्हशीच्या दुधानं कीस जास्त मऊ लागतो. साय काढलेलं दूध चालतं, पण सायीचं असेल तर साय फेटून त्यातच घाला. विकतचं क्रीम घालायचा मोह होईल. ते घातलं तर मक्याची चव मागे पडते आणि सगळं गोडमिट्ट होतं.

कणीस निवडताना

निम्मा पदार्थ इथेच ठरतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाजारात दोन प्रकारची कणसं मिळतात. एक देशी मका, जो आपण पावसात निखाऱ्यावर भाजून तिखट-मीठ-लिंबू चोळून खातो. त्याचे दाणे पांढरट किंवा फिकट पिवळे असतात आणि गोडी बेताची. दुसरा स्वीट कॉर्न, म्हणजे मधुमका. त्याचे दाणे पिवळेधमक, टपोरे आणि रसाळ. किसासाठी देशी मका केव्हाही चांगला. मक्याच्या दाण्यात आधी साखर येते आणि दाणा भरत जातो तसा त्या साखरेचा स्टार्च होतो. स्वीट कॉर्नच्या जातींत जनुकातल्या बदलामुळे ही क्रिया अडते. दाणा गोड राहतो, पण स्टार्च कमी. नुसता खायला तो छान लागतो, पण किसाला दाटपणा द्यायला कमी पडतो. त्याचा कीस परतताना पाणी सुटतं आणि दूध घातल्यावर तर सगळं खिरीसारखं वाहायला लागतं. मग स्वीट कॉर्नचा करायचाच नाही का? करायचा, पण थोडी मदत लागते. ती पुढे सांगतो.

देशी कणीस मिळालं तरी ते कोणत्या टप्प्यावरचं आहे हे बघावं लागतं. वरची पानं थोडी बाजूला करून मधला एखादा दाणा नखानं दाबा. पांढरं दूध उडालं तर कणीस घ्या. नुसतंच पाणी आलं तर ते फार कोवळं आहे. काहीच न उडता आत पिठासारखं लागलं तर कणीस जून झालंय. त्याचा कीस कितीही शिजवला तरी दाताखाली येतो. टोकाशी लोंबणारे केस तपकिरी होऊन सुकलेले पण आतून अजून ओलसर असावेत. हिरवी पानं कणसाला घट्ट बिलगलेली असावीत. मात्र भाजीवालीच्या टोपलीतलं प्रत्येक कणीस सोलून बघत बसू नका. एकात दूध दिसलं की त्याच ढिगातली बाकीची उचला. एका शेतातून एका दिवशी तोडलेली कणसं बहुधा सारखीच निघतात.

खरिपाचा मका ऑगस्ट-सप्टेंबरात कणसाला येतो, तेव्हा किसाचा खरा हंगाम. कणसं आणाल त्याच दिवशी वापरा. तोडल्यानंतरही दाण्यातली साखर कमी होत राहते आणि उष्णतेत तर भराभर. राहिलीच तर पानांसकट फ्रीजमध्ये ठेवा, सोलून ठेवू नका.

किसताना

पानं काढा, केस हातानं चोळून काढा. दाण्यांच्या फटीत अडकलेले केस ओल्या फडक्यानं पुसले की निघतात. घरात लहान मूल असेल तर त्याला कणसावरच्या दाण्यांच्या ओळी मोजायला द्या. कणीस कुठलंही असो, ओळी जवळजवळ नेहमीच सम संख्येत भरतात. तेवढ्यात तुमची मिरची चिरून होते.

किसणीची मधली भोकं घ्या, गाजर किसतो ती. बारीक भोकांनी नुसताच रस निघतो, मोठ्या भोकांनी अख्खे दाणे तुटून पडतात. परातीत किसणी तिरकी टेकवा, कणीस आडवं धरा आणि वरून खाली किसत फिरवत जा. दाण्यांची सालं बरीचशी कणसालाच चिकटून राहतात आणि आतला गर खाली पडतो. म्हणूनच कीस मऊ होतो. पांढरा दांडा दिसायला लागला की थांबा, दांडा किसला गेला तर भाजीत भुसा लागतो. मग सुरीची मागची, बिनधारेची बाजू दांड्यावरून वरून खाली दाबून ओढा. दाण्यांच्या मुळाशी राहिलेलं घट्ट दूध बाहेर येईल. ही पायरी टाळू नका, दाटपणाचा मोठा वाटा त्यातच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत घरचं क्रीम्ड कॉर्न करतात तेव्हाही सुरीनं दांडे असेच खरवडतात. तिकडेही अनेक घरच्या कृतींत क्रीमचा पत्ता नसतो.

बोटं सांभाळा. कणीस संपत आलं की किसणी बोटांच्या जवळ येते, आणि मक्याचं दूध निसरडं असतं. शेवटचा भाग सरळ सुरीनं कापून घ्या.

मिक्सर चालेल का? चालेल. दाणे सोलून घ्या आणि पल्सवर तीन-चार झटके द्या, पाणी अजिबात घालू नका. भरड हवं. गंध झालं तर शिजल्यावर त्याची खळ होते, आणि सालंही त्यातच वाटली जात असल्यामुळे खाताना घशाला लागतात. वेळ असेल तर किसणीच बरी.

किसलेला मका लगेच कढईत जायला हवा. तासभर पडून राहिला तर खाली पांढरा साका बसतो आणि वर पाणी येतं. तसं झालंच तर पाणी फेकू नका, ढवळून सगळं एकत्र करा.

परतणं

जाड बुडाची कढई घ्या, नॉनस्टिक असली तर पहिल्यांदा करणाऱ्याला सोपं जातं. लोखंडी कढई टाळा, कारण शेवटी लिंबू पडतं आणि चवीला लोखंड उतरतं.

तूप तापवा. मोहरी तडतडू द्या, मग जिरं, हिंग, मिरची आणि आलं. मिरचीचा ठसका आला की हळद घाला. हळद खरंच चिमूटभरच, कणीस पिवळं असेल तर तीही नको. आता कीस घाला आणि आच मंद ते मध्यम करा.

पहिली दोन-तीन मिनिटं तुम्हाला वाटेल की काहीतरी बिघडलंय. सगळा गोळा होईल, कालथ्याला चिकटेल, कढईलाही धरेल. घाबरून दूध ओतू नका. बुडाला कालथा लावून खरवडत परतत राहा. हळूहळू तूप सगळीकडे लागतं, कच्चा हिरवट वास जातो, रंग थोडा गडद होतो, आणि गोळा फुटून ओलसर रवाळ व्हायला लागतो. कडेनं तूप दिसलं की परतणं झालं. याला ७ ते १० मिनिटं लागतात. घड्याळापेक्षा वासावर विश्वास ठेवा. कच्च्या मक्याचा वास ओल्या गवतासारखा येतो, परतलेल्याचा गोडसर.

एवढं परतायचं कशाला, तर स्टार्चच्या कणांना तूप माखलं की नंतर दूध पडल्यावर ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि गुठळ्या होत नाहीत. व्हाइट सॉसमध्ये मैदा आधी लोण्यात परततात तो याच कारणासाठी. इथे मैद्याचं काम मकाच करतो.

दूध

दूध कोमट करून घ्या. फ्रीजमधलं थंडगार दूध घातलं तर कढईची उष्णता एकदम उतरते आणि शिजणं रेंगाळतं. आच मंद ठेवा, आधी अर्धी वाटी दूध घाला आणि ढवळा. ते किसात पूर्ण जिरलं की उरलेलं अर्धं. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला फुगून दूध धरतो, त्यामुळे कढई खदखदण्याआधीच मिश्रण दाट व्हायला लागल्याचं दिसेल. पण दाट झालं म्हणजे शिजलं असं समजू नका. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ८ ते १० मिनिटं वाफ काढा. दर दोन मिनिटांनी झाकण काढून तळापासून हलवा. दुधातली साखर आणि मक्यातली साखर एकत्र आल्यावर बूड लागायला वेळ लागत नाही, आणि लागलेल्या दुधाचा वास सगळ्या भाजीत भिनतो.

बूड लागलंच तर खरवडू नका. वरचा कीस अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि खालचा थर तसाच सोडून द्या.

शिजला की नाही हे चाखूनच कळतं. दाताखाली कचकच लागली तर पाव वाटी दूध घालून आणखी पाच मिनिटं झाका. कालथ्यावरून सावकाश ढासळेल इतपत सैल असतानाच गॅस बंद करा, कारण कीस निवताना आणखी घट्ट होतो. कढईत अगदी बरोबर वाटणारा कीस ताटात येईपर्यंत गोळा झालेला असतो.

मीठ, साखर, लिंबू

मीठ दूध जिरल्यावर घाला, आधी नको. पाऊण लहान चमच्यापासून सुरुवात करून चाखत वाढवा. साखर देशी मक्याला एक लहान चमचा, स्वीट कॉर्नला मुळीच नको. इंदुरी चवीत गोड, आंबट आणि तिखट असं तिन्ही जाणवतं. आपल्याकडे काही घरांत साखर नावालाच घालतात. तुम्हाला आवडेल तसं करा.

लिंबू मात्र गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबल्यावरच. गरम दुधात आंबट पडलं की ते फाटतं, आणि मऊसूत किसात पनीरचे बारीक कण फिरायला लागतात. थोडं निवल्यावर स्टार्चनं दूध धरून ठेवलेलं असतं, तेव्हा अर्ध्या लिंबाचा रस सहज मिसळतो. याहून सोपा मार्ग म्हणजे लिंबाच्या फोडी ताटातच वाढायच्या, ज्यानं त्यानं आपापल्या किसावर पिळून घ्यायच्या. कीस उरणार असेल तर हेच करा.

वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. माळव्यात जीरावन भुरभुरतात. धने, जिरं, बडीशेप, आमचूर, काळं मीठ असं काय काय घातलेला हा मसाला तिकडे पोह्यांवरही हवाच. तो घरात असेल तर मीठ जरा हात राखून घाला. नसेल तर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळं मीठ चिमूट चिमूट, एवढं पुरतं.

स्वीट कॉर्नच हाताशी असेल तर

शहरात पावसाळा सोडला तर बहुतेक वेळा हाच मिळतो. परदेशात तर देशी कणीस जवळपास दुरापास्तच. तेव्हा हे तीन बदल करा. पहिला, परतायचा वेळ वाढवा. कीस १२ ते १५ मिनिटंसुद्धा परतावा लागतो, सुटलेलं पाणी आटेपर्यंत. दुसरा, पाणी आटल्यावर एक मोठा चमचा मक्याचं पिवळं पीठ किंवा बारीक रवा घालून दोन मिनिटं परता. मी मक्याचं पीठच पसंत करतो, चव एकच राहते. पांढरं कॉर्नफ्लोअर घातलं तर किसाला चकाकी येते आणि तो हॉटेलातल्या सुपासारखा बुळबुळीत होतो. तिसरा, दूध अर्ध्यावर आणा आणि साखर टाळा. लिंबू आणि मिरची थोडी वाढवली की गोडी आटोक्यात येते.

गोठवलेले दाणे वापरणार असाल तर पूर्ण वितळू द्या, पाणी निथळून काढा, मग मिक्सरमधून भरड करा. परदेशी दुकानांत क्रीम-स्टाइल कॉर्नचे डबे असतात. नाव असं असलं तरी बहुतेकांत क्रीम नसतं. मका, पाणी, साखर, मीठ आणि स्टार्च एवढंच असतं. लेबल वाचून घ्या. तो डबा फोडणीत घालून आटवला तर पोटभरीला काहीतरी होतं, पण त्याला मी कीस म्हणणार नाही.

दूध चालत नसेल तर

नारळाचं दूध वापरा आणि तुपाऐवजी खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल. किसात आधी पातळ, दुसऱ्या पिळाचं दूध घालून शिजवा आणि दाट, पहिल्या पिळाचं दूध शेवटी घालून नुसतं गरम करा. उकळलं तर ते फुटतं. या प्रकारात फोडणीत कढीलिंब छान लागतो. गोव्या-कोकणातल्या माणसाला हा मूळ किसापेक्षा जवळचा वाटला तर नवल नाही.

कांदा-लसूण मूळ किसात नसतोच, त्यामुळे श्रावणात आणि ज्यांच्याकडे ते वर्ज्य त्यांच्याकडे अडचण येत नाही. उगाच गरम मसाला घालू नका. एखादी लवंग कुटून घातली तर चालते, बाकी मसाल्यांखाली मका हरवतो.

कशाबरोबर वाढायचा

कीस मऊ आणि गोडसर, म्हणून जोडीला काहीतरी कोरडं किंवा झणझणीत हवं. फुलके, लाल मिरचीचा ठेचा आणि काकडीची कोशिंबीर हा बेत उत्तम. भाकरीबरोबर मला तो तितकासा रुचत नाही, दोन्ही जड पडतात. वरणभाताच्या ताटात डावीकडे चमचाभर वाढला तर लहान मुलं आधी तोच संपवतात. त्यांच्यासाठी मिरची न चिरता अख्खी फोडणीत टाका आणि नंतर काढून घ्या. आयत्या वेळी पाहुणे आले तर वाटीत कीस, वर बारीक शेव आणि डाळिंबाचे दाणे. मात्र शेव अगदी खायच्या क्षणी घाला, मिनिटभरात ती नरम पडते.

उरला तर

झाकून फ्रीजमध्ये ठेवलेला कीस दुसऱ्या दिवसापर्यंत चांगला राहतो. थंड झाल्यावर त्याची वडी पडते, म्हणून गरम करताना दोन-तीन चमचे दूध शिंपडून मंद आचेवर मोकळा करा. आधीच लिंबू पिळलेलं असेल तर दुधाऐवजी पाणी. तरीही उरलाच तर त्यात उकडलेला बटाटा आणि थोडा ब्रेडचा चुरा मळून टिक्क्या करा आणि तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी लाल होऊ द्या. नाहीतर दोन ब्रेडच्या मधे भरून टोस्टरमध्ये दाबा. त्यासाठी कीस जरा घट्टच असलेला बरा, सैल असेल तर कडेनं बाहेर येतो आणि टोस्टर घासत बसावं लागतं.